डेंग्यूचं एनएस-१ पांढऱ्या पेशींना पेटवतं ते कसं?

इचलकरंजीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांच्या नववीतल्या मुलीला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. दुसऱ्या दिवशी एनएस-१ची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी तिला ॲडमिट करून घेतलं. म्हणाले, खरी काळजी आता. मुलगी आता ठणठणीत आहे, पण वडिलांच्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. एनएस-१ म्हणजे विषाणू नव्हे, विषाणूनं सोडलेलं नुसतं प्रोटीन, असं त्यांच्या वाचनात आलं. मग जी वस्तू जिवंत नाही, वाढत नाही, ती माणसाच्या पांढऱ्या पेशींना चिथावते कशी? आणि नुकसान सुजेमुळे होत असेल तर सूज मारणारं स्टिरॉइड का देत नाहीत? त्यांचा मोटार रिवाइंडिंगचा व्यवसाय आहे. शेवटी लिहिलंय, "खोलात सांगितलंत तरी चालेल, फक्त 'प्रतिकारशक्तीचा गोंधळ' असं म्हणून सोडून देऊ नका."

नाही सोडत. गेली बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर काम करते आहे. म्हणजे तुमचा प्रश्न हाच माझा रोजचा धंदा. मी पेशंट तपासत नाही, त्यामुळे उपचाराबद्दल जे लिहीन ते समजून घेण्यापुरतं घ्या.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. डेंग्यूच्या विषाणूचा सगळा कारभार सुमारे १०,७०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यावर चालतो. त्यातून दहा प्रोटीनं बनतात. तीन विषाणूचा कण बांधायला लागतात. उरलेली सात कणात जातच नाहीत, ती आपल्या पेशीत राहून विषाणूच्या नकला काढायला मदत करतात. त्या सातांतलं पहिलं म्हणजे एनएस-१, आणि सातांपैकी हे एकटंच पेशीबाहेर सोडलं जातं. बाहेर पडताना सहा रेणूंची जुडी असते, आकार साधारण पोकळ पिंपासारखा आणि पिंपाच्या पोटात चरबी. आपल्या रक्तातले एचडीएलचे, म्हणजे 'चांगल्या कोलेस्टेरॉल'चे, कण ज्या धर्तीचे असतात, तसंच हे बेणं. रक्तात त्याचं प्रमाण मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपासून ५० मायक्रोग्रॅमपर्यंत मोजलं गेलंय. कार्डावरची रेघ उमटते ती यामुळेच: ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ते रक्तात इतकं असतं की बोटभर लांबीच्या पट्टीलाही सापडतं.

विषाणू एवढं प्रोटीन रक्तात ओततो कशासाठी? आपल्याला सूज यावी म्हणून नक्कीच नाही. एक उपयोग असा की आपल्या रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची जी विषाणू फोडणारी प्रोटीनं असतात, त्यांना ते बोथट करतं. दुसरा उपयोग डासाचा. २०१६मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत दिसलं की रक्ताबरोबर एनएस-१ डासाच्या पोटात गेलं की तिथला पहारा ढिला पडतो आणि विषाणूला डासात घर करणं सोपं जातं. म्हणजे विषाणूच्या लेखी आपलं रक्त हा डासापर्यंत पोचायचा रस्ता. त्या रस्त्यावर आपल्या मोनोसाइट उभ्या असतात, आणि भानगड तिथे होते.

मोनोसाइटच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरची खूण ओळखून आत निरोप देणारं प्रोटीन, असतो. टीएलआरमधला 'टोल' हा मूळचा फळमाशीतला जीन. माशीला बुरशीपासून वाचवायला तो लागतो हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं १९९६मध्ये दाखवलं. १९९८मध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरात दाखवलं की टीएलआर-४ हा बॅक्टेरियाच्या कवचातल्या एलपीएस या चरबी-साखरेच्या रेणूचा पहारेकरी आहे. दोघांना २०११चं नोबेल मिळालं. हा पहारेकरी बॅक्टेरियासाठी नेमलेला, विषाणूशी त्याचं काही देणंघेणं नाही, असं पुष्कळ दिवस समजत होते. मग २००० साली लहान मुलांच्या छातीत कफ भरवणाऱ्या आरएसव्ही विषाणूचं एक प्रोटीन याच टीएलआर-४ला जागं करतं असं दिसलं. आणि २०१५च्या सप्टेंबरमध्ये एकाच जर्नलच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा, दुसरा अमेरिकेतल्या बर्कलीचा. क्वीन्सलँडच्या गटानं दाखवलं की एनएस-१ टीएलआर-४च्या वाटेनं माणसाच्या पांढऱ्या पेशी चेतवतं, आणि ती वाट औषधानं अडवली की उंदराच्या रक्तवाहिन्यांची गळती कमी होते. बर्कलीच्या गटानं उंदराला नुसतं एनएस-१ टोचलं तरी गळती झाली. न मारणाऱ्या मात्रेतल्या विषाणूबरोबर टोचलं तर उंदीर दगावले. आणि एनएस-१विरुद्धच्या अँटिबॉडी आधी दिल्या तर वाचले.

म्हणजे एनएस-१ पेशीला मारत नाही, कुरतडत नाही. बॅक्टेरियासाठी ठेवलेलं घंटेचं बटण त्याच्याकडून दाबलं जातं, एवढंच.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते तुम्हाला स्टार्टरवरून सांगते. दोन टीएलआर-४ जवळ येतात, त्यांच्या आतल्या शेपटांवर एमवायडी-८८ हे प्रोटीन आणि निरोप पुढे नेणारी मंडळी गोळा होतात. एरवी पेशीत एनएफ-कप्पाबी नावाचं प्रोटीन कुलपात असतं, कुलपाचं नाव आय-कप्पाबी. निरोप पोचला की या कुलपाला खूण होते आणि ते तुकडे करायला पाठवलं जातं. मोकळं झालेलं एनएफ-कप्पाबी अर्ध्या तासाच्या आत केंद्रकात शिरतं आणि सुजेचे जीन चालू करतं. तास-दोन तासांत टीएनएफ बाहेर पडायला लागतं, मागोमाग आयएल-६ आणि आयएल-८. ही सुजेचा निरोप नेणारी प्रोटीनं, त्यांना सायटोकाइन म्हणतात. आयएल-१बीटा मात्र आधी अर्धवट रूपात बनून राहतं, ते कापून पूर्ण करायला इन्फ्लेमासोम नावाची वेगळी यंत्रणा लागते. मोनोसाइट जरा जास्तच तयारीच्या असल्यानं त्यांच्यात ती चटकन जुळते.

आता स्टार्टर. हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटार चालू राहते, कारण कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला चुंबकी स्विच, स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. इथेही तसंच. बाहेर पडलेलं टीएनएफ त्याच पेशीला आणि शेजारच्या पेशीला पुन्हा एनएफ-कप्पाबी चालू करायला लावतं. बोट निघालं तरी काम सुरू. आणि भार जास्त झाला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिलेही आहे: एनएफ-कप्पाबी जे जीन चालू करतं त्यात आय-कप्पाबीचाच जीन असतो, म्हणजे ते स्वतःचं कुलूप स्वतः बनवतं. बहुतेकांच्या डेंग्यूत हा रिले वेळेवर पडतो. एनएस-१ ओतलं जात राहिलं, पेशी खूप असल्या, तर पडायला उशीर होतो.

इथपर्यंत कोणतंही पुस्तक सांगेल. मला ज्यावर जास्त लिहायचंय ते वेगळं आहे: हे खरंच एनएस-१नं होतं, हे कळलं कसं? या शाखेत फसायला एक फार मोठा खड्डा आहे आणि मी त्यात पडलेली आहे.

प्रयोग दिसायला सोपा. निरोगी माणसाचं १० मिलिलिटर रक्त घ्यायचं, पातळ करायचं, आणि नळी तिरकी धरून फायकॉल नावाच्या जड द्रावावर पिपेटनं हळूहळू सोडायचं. हात हलला की दोन थर मिसळतात, मग ते रक्त गेलं. सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास, ब्रेक बंद ठेवून. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळा प्लाझ्मा, आणि मध्ये दुधावरच्या पहिल्या सायीसारखं पांढुरकं कडं. ते कडं म्हणजे आपला माल. ते उचलून धुवायचं, प्लॅस्टिकच्या ताटलीत दोन तास ठेवायचं. मोनोसाइट तळाला चिकटतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तरंगत राहतात, त्या ओतून द्यायच्या. मग एनएस-१ घालायचं, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढून त्यात टीएनएफ मोजायचं. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जिथे टीएनएफ आहे तिथे निळा रंग चढतो, आम्ल टाकलं की पिवळा होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीची प्लेट अशी काही पिवळी आली की बघत राहावं. आम्ही खूश. चार महिने एकामागून एक प्रयोग, प्रत्येक वेळी तेच. मग एका बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "उकळून बघितलंत का?"

उकळायचं कशाला, तर प्रोटीन उकळलं की अंड्यासारखं शिजतं, त्याचा घाट मोडतो, मग ते रिसेप्टरला बसणार नाही. एलपीएसला मात्र उकळत्या पाण्याचं काही वाटत नाही. काचसामानावरचं एलपीएस घालवायला ते कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं. आम्ही एनएस-१ उकळून घातलं. प्लेट तितकीच पिवळी. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. विकत आणलेलं एनएस-१ बॅक्टेरियात बनवलेलं होतं आणि त्याच्यासोबत बॅक्टेरियाचं एलपीएस फुकट आलं होतं. लेबलवर शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त असं छापलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. ती शुद्धता प्रोटीनची, एलपीएस त्यात कोणी मोजलंच नव्हतं. पुरवठादाराला कळवलं, उत्तर आलं की "हे उत्पादन पेशींवर वापरण्यासाठी नाही." असं बारीक अक्षरात खरोखर लिहिलं होतं. चूक आमचीच.

हा खड्डा किती खोल ते हिशेबानं बघा. माणसाच्या मोनोसाइट मिलिलिटरला १० पिकोग्रॅम एलपीएसलाही दाद देतात. आम्ही घालत होतो १० मायक्रोग्रॅम प्रोटीन. मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख पिकोग्रॅम. म्हणजे प्रोटीनच्या दहा लाख भागांत एक भाग भेसळ असली तरी प्लेट पिवळी होणार. आणि टीएलआर-४ हा एलपीएसचाच रिसेप्टर असल्यानं, "टीएलआर-४ अडवलं की परिणाम थांबला" हा पुरावा इथे कुचकामी. भेसळ असली तरी तोच निकाल येईल!

म्हणून मग नव्यानं सुरुवात केली. एनएस-१ सस्तन प्राण्याच्या पेशींत बनवलेलं घेतलं. प्रत्येक बाटलीतलं एलपीएस मोजलं. ही चाचणी नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून बनते, हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या बालासोरच्या किनाऱ्यावर सापडतो. एका रांगेत पॉलिमिक्सिन-बी घातलं, ते एलपीएसला बांधून निकामी करतं, प्रोटीनला नाही. एका रांगेत उकळलेलं एनएस-१. एका रांगेत एनएस-१विरुद्धच्या अँटिबॉडीनं ते आधीच काढून घेतलेलं द्रावण. खरा परिणाम पॉलिमिक्सिननं जाता कामा नये, उकळल्यानं गेला पाहिजे, अँटिबॉडीनंही गेला पाहिजे. तिन्ही जमलं. रंग पहिल्या प्लेटच्या मानानं फिका होता, पण तो एनएस-१चा होता.

आम्हीच एकटे फसलो असं नाही. २०१५मध्येच दुसऱ्या एका गटानं एनएस-१ हे टीएलआर-२ आणि टीएलआर-६ला जागं करतं असं मांडलं होतं. २०१७मध्ये क्वीन्सलँडच्या गटानं स्वच्छ एनएस-१ वापरून तपासलं, तर टीएलआर-४ टिकला, बाकीचे दोन नाही. बॅक्टेरियात बनवलेल्या प्रोटीनमधल्या भेसळीकडे बोट गेलं. कोविडच्या काळात स्पाइक प्रोटीनबद्दल जे ढिगानं दावे आले, ते वाचतानाही मी आधी पद्धतीचा भाग उघडते: प्रोटीन कशात बनवलं, एलपीएस मोजलं का, उकळलं का. या तीन ओळी नसतील तर पुढचं वाचत नाही. उर्मटपणा म्हणा हवं तर.

आता गळतीकडे येऊ, कारण डॉक्टरांची काळजी तिची होती. केशवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकेरी अस्तर असतं. प्रयोगशाळेत आम्ही ते जाळीच्या तळाच्या छोट्या पेल्यात वाढवतो आणि ते किती घट्ट झालंय ते कसं बघतो माहीत आहे? मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचं यंत्र, लावून. आमचं यंत्र नाजूक, व्होल्टेज अगदी कमी, पण तत्त्व तुमचंच: एक इलेक्ट्रोड पेल्यात, एक बाहेर, आणि मधल्या थराचा रोध ओहममध्ये. इन्शुलेशन चांगलं तर आकडा चढा. अस्तरावर मोनोसाइटचं टीएनएफभरलं पाणी ओतलं की आकडा घसरतो, कारण पेशी-पेशींमधले सांधे सैल होतात. गंमत पुढे आहे. मोनोसाइट अजिबात नसताना नुसतं एनएस-१ घातलं तरी काही तासांत आकडा घसरतो. अस्तराच्या वर साखरेच्या साखळ्यांची एक लव असते, ग्लायकोकॅलिक्स म्हणतात तिला. एनएस-१मुळे अस्तराच्या पेशी स्वतःचेच एन्झाइम चेतवून ही लव कापून टाकतात. वाइंडिंगवरचं वॉर्निशच गेलं म्हणा.

दोन वाटांपैकी मोठी कोणती, यावर बर्कली आणि क्वीन्सलँड यांचा झुकाव सारखा नाही. बर्कलीच्या गटानं २०१७मध्ये सायटोकाइनशिवायही गळती होते असं दाखवलं. माझा कल असा की गळतीची सुरुवात लव कापली गेल्यानं होते आणि ती लांबते मोनोसाइटच्या टीएनएफमुळे. माझं आयुष्य मोनोसाइटबरोबर गेलंय, तेव्हा हा कल थोडा पक्षपाती आहे हेही धरून चाला.

यातून ताप उतरल्यावरची धास्ती कळेल. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात विषाणू ओसरायला लागतो, ताप जातो. पण कॉन्टॅक्टर धरलेला असतो. भरीला याच दिवसांत अँटिबॉडी आणि टी-पेशी मैदानात येतात आणि त्या आपल्या सायटोकाइनची भर घालतात. गळती दिसते ती साधारण २४ ते ४८ तास. पाणी आणि प्रोटीन वाहिनीबाहेर जातं, लाल पेशी आतच राहतात, म्हणून रक्त घट्ट होतं. रिपोर्टवर ते पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिटमध्ये, रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्यात, दिसतं: मुलीचा नेहमीचा आकडा ३६ असेल आणि तो ४३च्या पुढे गेला, म्हणजे २० टक्के चढला, तर गळती पक्की. घरोघरी मात्र सगळे प्लेटलेट मोजत बसतात आणि पपईच्या पानांचा रस काढतात. नातेवाइकांनी फोनवर प्लेटलेट विचारले की त्यांना पीसीव्ही सांगत जा.

स्टिरॉइडचं म्हणाल तर विचार बरोबर आहे आणि तो करून बघितलेला आहे. व्हिएतनाममध्ये २२५ तरुण रुग्णांना, ताप येऊन ७२ तास व्हायच्या आत, तीन दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं. निकाल २०१२ला आला. विषाणू वाढला नाही, पण शॉकही, म्हणजे गळतीमुळे रक्तदाब कोसळणंही, कमी झाला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. स्टिरॉइड एनएफ-कप्पाबीला आवरतं, कापलेली लव परत लावत नाही. आणि कॉन्टॅक्टर आता सोडवला तरी त्यानं चालू केलेलं बरंच काम आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून उपचार आजही मोजून दिलेलं पाणी आणि सलाइन हाच आहे. मोजून अशासाठी, की दोन दिवसांत गळलेलं पाणी परत वाहिन्यांत येतं, तेव्हा जास्तीचं सलाइन फुफ्फुसात साठतं. तापाला पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दाह कमी करतात म्हणून चांगली, असं वाटेल, पण रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा ती नकोत.

तुमच्या प्रश्नात एक बारीक गोष्ट होती, कार्डावरची रेघ गडद होती म्हणून आजार जास्त होता का? रेघेच्या गडदपणावरून काही ठरवू नका, कार्ड 'आहे की नाही' इतकंच सांगायला बनवलंय. नेमकं मोजलं तर मात्र अर्थ निघतो. थायलंडमधल्या मुलांच्या २००२च्या अभ्यासात पहिल्या ७२ तासांत मिलिलिटरला ६०० नॅनोग्रॅम किंवा जास्त एनएस-१ असलेल्यांना रक्तस्रावी डेंग्यूचा धोका अधिक दिसला.

आणि पुढच्या वेळेबद्दल. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. मुलीला जो होऊन गेला त्यापासून ती सुरक्षित, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला पुरत्या मारत नाहीत. अर्धवट चिकटलेल्या अँटिबॉडीची शेपटी मोनोसाइट पकडते आणि विषाणूला आत ओढून घेते. जास्त मोनोसाइट बाधित म्हणजे जास्त एनएस-१, पुढची साखळी तुम्हाला आता माहीत आहे. शिवाय दुसऱ्या खेपेला शरीरात एनएस-१विरुद्ध अँटिबॉडी आधीपासून असतात, त्या ते लपवतात, म्हणून कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं. तेव्हा यंदाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट रद्दीत जाऊ देऊ नका. तारखेसह फाइलला लावा, त्यावर तिचा बरा झाल्यानंतरचा पीसीव्ही लिहून ठेवा, आणि पुढे कधी पावसाळ्यात ताप आला तर ती फाइल डॉक्टरांपुढे आधी ठेवा.